मोठ्या पडद्याचे महाग तिकीट: केव्हा घ्यावे आणि कोणत्या रांगेचे घ्यावे

शुक्रवारी सकाळी मोबाइलवर तिकीट काढायला बसले की एकाच चित्रपटाचे, एकाच मल्टिप्लेक्समधले, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने सुरू होणारे चार खेळ समोर येतात आणि त्यांचे दर मात्र एकमेकांच्या जवळपासही नसतात. समजा, साध्या पडद्याचे तिकीट २५० रुपयांना आहे, मल्टिप्लेक्सने स्वतःचे नाव दिलेल्या मोठ्या पडद्याचे ४०० ला आणि आयमॅक्सचे ५५० ला. चित्रपट तोच, कलाकार तेच, मध्यंतरही त्याच प्रसंगावर होणार. मग वरचे ३०० रुपये नेमके कशाचे, हा प्रश्न चार जणांच्या कुटुंबाला पडायलाच हवा, कारण तिथे तो १२०० रुपयांचा होतो.

मला तो उशिरा पडला. काही वर्षांपूर्वी आम्ही घरातले सहा जण एका मॉलमधल्या मोठ्या पडद्याच्या खेळाला गेलो होतो. सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून सर्वांत मागची, पाय पसरता येतील अशी रिक्लायनरची रांग घेतली. म्हणजे पडद्याचे जास्तीचे पैसे मोजले आणि खुर्चीचेही मोजले. चित्रपट सुरू झाल्यावर सहज हात लांब करून पडद्याची रुंदी मोजली, तर ती जेमतेम दीड वीत भरली. त्याच इमारतीतल्या साध्या पडद्यासमोर मधल्या रांगेत बसल्यावर मला नेहमी दोन विती चित्र मिळते. दुप्पट पैसे देऊन आम्ही लहान चित्र विकत घेतले होते, आणि त्यात त्या चित्रपटगृहाने आम्हांला फसवले असेही म्हणता येत नव्हते. आम्हीच चुकीची रांग निवडली होती.

तेव्हापासून तिकीट काढण्यापूर्वी मी काही गोष्टी ठरावीक क्रमाने तपासते. आधी पडद्याचे नाव, मग चित्रपट, मग रांग आणि सर्वांत शेवटी दर. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी दर पाहून ‘महाग आहे म्हणजे चांगले असेल’ असे गृहीत धरले, की निर्णय हमखास चुकतो.

पहिली पायरी: नावामागे काय आहे ते ओळखा

‘आयमॅक्स’ हे एकच नाव आज निदान तीन वेगवेगळ्या गोष्टींना लावले जाते. १९६७ मध्ये कॅनडात स्थापन झालेल्या या कंपनीचा पहिला चित्रपट १९७० साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात दाखवला गेला. मूळ पद्धतीत ७० मिलिमीटरची फिल्म यंत्रातून आडवी धावते आणि एका चौकटीने फिल्मच्या कडेची १५ छिद्रे व्यापलेली असतात. नेहमीच्या ७० एमएममध्ये ती ५ छिद्रांची असते, यावरून चित्रातल्या तपशिलाचा अंदाज यावा. या चित्राचे रुंदी-उंचीचे गुणोत्तर १.४३, म्हणजे ते जवळजवळ जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या आकाराचे आणि अतिशय उंच. मुंबईत वडाळ्याला २००१ मध्ये सुरू झालेले घुमटाकार आयमॅक्स ज्यांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल, त्यांना मान मागे टाकून पाहिलेले ते चित्र आठवत असेल. हैदराबादला २००३ मध्ये प्रसाद्‌सचा भव्य सपाट पडदा आला. त्या काळी आयमॅक्स म्हणजे फिल्म, असा अर्थ स्पष्ट होता.

२००८ पासून कंपनीने मल्टिप्लेक्समधल्या तयार सभागृहांत बसणारी डिजिटल पद्धत आणली. दोन प्रक्षेपक, प्रत्येकी टूके क्षमतेचे (म्हणजे चित्राच्या रुंदीत सुमारे दोन हजार ठिपके), दिवे झेनॉन वायूचे आणि चित्राचे गुणोत्तर १.९०. पडदा नेहमीपेक्षा मोठा आणि प्रेक्षकांच्या जवळ आणलेला, पण मूळ आयमॅक्सच्या उंचीशी त्याची तुलना होऊ शकत नव्हती. नाव मात्र तेच राहिले आणि त्यावरून अमेरिकेत २००९ च्या सुमारास बराच गदारोळही झाला. पुढे २०१४ च्या अखेरीपासून लेझरचे फोरके, म्हणजे रुंदीत त्याच्या दुप्पट ठिपक्यांचे, प्रक्षेपक आले आणि चित्राची धार, उजेड व काळोख या तिन्ही बाबतींत मोठी सुधारणा झाली. भारतातले बहुतेक आयमॅक्स पडदे १.९० गुणोत्तराचेच आहेत. त्यांतले काही झेनॉनचे, काही लेझरचे. म्हणून पहिले काम एवढेच, की जिथे जायचे आहे तिथले आयमॅक्स लेझरवर चालते का, हे पाहायचे. चित्रपटगृहे लेझर असल्यास ते मिरवून सांगतात. कुठेच उल्लेख नसेल तर तो झेनॉनचा असण्याची शक्यता अधिक धरावी. चर्चगेटचे इरॉस २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडले ते सुमारे ३०० आसनांचे एकपडदा लेझर आयमॅक्स म्हणूनच. १९३८ च्या त्या आर्ट डेको इमारतीत शिरण्याचा आनंद वेगळा धरला, तरी तंत्राच्या बाजूनेही तिथल्या तिकिटाचे समर्थन करता येते.

फुगवलेले चित्र आणि मूळचे मोठे चित्र यांतला हा घोळ आपल्याकडे काही नवा नाही. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ ७० एमएमवर पाहून लोक थक्क झाले, पण तो चित्रपट ३५ एमएमवर चित्रित करून नंतर ७० एमएमवर मोठा केलेला होता. प्रेक्षकांच्या आनंदात त्याने काही उणे पडले नाही. मुद्दा इतकाच, की ‘मोठ्या प्रतीवर दाखवलेला’ आणि ‘मोठ्या प्रतीवर चित्रित केलेला’ या दोन गोष्टींचे मोल वेगळे आहे आणि आज तिकिटाचा दर मात्र दोन्हींना एकच लागतो.

दुसरा गट चित्रपटगृहांच्या साखळ्यांनी स्वतः घडवलेल्या मोठ्या पडद्यांचा: पीव्हीआरचे पीएक्सएल, आयनॉक्सचे बिगपिक्स, सिनेपोलिसचे मॅक्रो एक्सई. पीव्हीआर आणि आयनॉक्स २०२३ मध्ये एकत्र आले असले तरी ही नावे वेगवेगळ्या ठिकाणी दिसत राहतात. इथे बाहेरच्या कुणाचे प्रमाणपत्र नसते आणि पडदा किती फुटांचा असला म्हणजे त्याला हे नाव द्यायचे, याचा सर्वत्र लागू होणारा नियमही नाही. एका शहरातला असा पडदा खरोखर प्रचंड असतो, तर दुसऱ्या शहरात शेजारच्या साध्या पडद्यापेक्षा चारपाच पावलेच रुंद असतो. तरीही हा गट कमी लेखू नये. यांतल्या अनेक ठिकाणी चांगला प्रक्षेपक आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस ध्वनी असतो, आणि आडव्या, रुंद चौकटीच्या चित्रपटाला असा पडदा कित्येकदा आयमॅक्सपेक्षा अधिक शोभतो. त्याचे कारण पुढच्या पायरीत येईल.

तिसरा प्रकार डॉल्बी सिनेमा. भारतातले पहिले डॉल्बी सिनेमा २०२५ मध्ये पुण्यात खराडीच्या सिटी प्राइडमध्ये सुरू झाले, ही आपल्यासाठी सोयीची गोष्ट. इथे विक्रीस ठेवलेली वस्तू पडद्याचा आकार ही नसून उजेड आणि काळोख यांच्यातले अंतर ही आहे. साध्या डिजिटल प्रक्षेपणात सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागाचे प्रमाण साधारण २००० ला १ असे मानले जाते. डॉल्बी आपल्या दुहेरी लेझर प्रक्षेपकांसाठी ते १० लाखांस १ सांगते. सभागृहात काळी चौकट आली की पडदा आहे हेच विसरायला होते. रात्रीचे प्रसंग, अवकाश, जंगलातला अंधार अशा चित्रपटांना याचा फायदा उघड दिसतो. लख्ख उन्हातल्या कौटुंबिक विनोदी चित्रपटाला फारसा नाही.

फोरडीएक्स आणि स्क्रीनएक्स यांची गल्लत या तिघांशी करू नये. पहिल्यात खुर्ची हलते, वारा आणि पाण्याचे तुषार येतात. दुसऱ्यात काही प्रसंगांपुरते चित्र दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पसरते. हौसेने एकदा पाहायला हरकत नाही, पण चित्राच्या दर्जासाठी ते पैसे नसतात. पाठदुखी असलेल्यांनी फोरडीएक्सच्या वाटेला जाऊच नये.

दुसरी पायरी: चित्रपट या पडद्यासाठी केला आहे का

ही पायरी बहुतेक जण गाळतात. वास्तविक निम्मा निर्णय इथेच होतो.

आजचे पुष्कळसे भव्य चित्रपट २.३९ या रुंद, बसक्या चौकटीत असतात, ज्याला चित्रपटगृहातले लोक ‘स्कोप’ म्हणतात. असा चित्रपट १.९० च्या आयमॅक्स पडद्यावर दाखवला की वर आणि खाली पट्ट्या राहतात. गणित सोपे आहे: १.९० ला २.३९ ने भागले की ०.७९ येते, म्हणजे पडद्याचा सुमारे २० टक्के भाग पूर्ण चित्रपटभर रिकामाच राहतो आणि त्याचेही भाडे आपण भरलेले असते. याउलट काही चित्रपटांत आयमॅक्ससाठी चौकट मुद्दाम उंच केलेली असते. कधी निवडक प्रसंगांत, कधी पूर्ण चित्रपटभर. २००८ च्या ‘द डार्क नाइट’पासून हा प्रघात ठळकपणे सुरू झाला, त्यातले सुमारे अर्ध्या तासाचे चित्रण आयमॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यांनी केलेले होते आणि त्या प्रसंगांत पट्ट्या नाहीशा होऊन चित्र एकदम पडदाभर होत असे. इथे आयमॅक्सचा प्रेक्षक इतरांना न दिसणारे चित्र पाहत असतो. हा फरक दराच्या फरकाला पात्र आहे.

म्हणून जाहिरातीतले शब्द नीट वाचावेत. ‘फिल्म्ड फॉर आयमॅक्स’ किंवा ‘शॉट विथ आयमॅक्स कॅमेराज’ असे लिहिलेले असेल, तर चौकट उंच होण्याची दाट शक्यता असते. नुसते ‘आयमॅक्समध्ये अनुभवा’ एवढेच असेल, तर तो तयार चित्रपट कंपनीच्या प्रक्रियेतून काढून मोठ्या पडद्यासाठी सुधारलेला असतो. ही पद्धत २००२ पासून चालत आली आहे आणि २०१३ चा ‘धूम ३’ हा अशा रीतीने आयमॅक्समध्ये आलेला पहिला भारतीय चित्रपट. सुधारणा खरी असते, पण मूळ चित्रणात नसलेला तपशील कोणतीही प्रक्रिया निर्माण करू शकत नाही. शिवाय दृश्य परिणामांचे काम बरेचदा टूकेमध्येच पूर्ण केलेले असते; तेव्हा प्रक्षेपक फोरके आहे म्हणून राक्षसाच्या अंगावरचे खवले अधिक स्पष्ट दिसतील असे नाही.

१.९० च्या पडद्यावर ‘ओपनहायमर’सारखा चित्रपट पाहणाऱ्यानेही आपण संपूर्ण चौकट पाहत नाही, हे लक्षात ठेवावे. २०२३ मध्ये तो १५ छिद्री फिल्मवर जगभरात अवघ्या ३० ठिकाणी दाखवला गेला, त्यांत लंडनचे बीएफआय आणि मेलबर्नचे आयमॅक्स होते. या शहरांत मुलामुलींकडे राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांनी एखादी दुपार तिथे जरूर घालवावी. तिथल्या तिकिटाबद्दल या लेखात मांडलेल्या शंका लागू पडत नाहीत.

मराठी चित्रपटांचे काय? आपले बरेचसे चित्रपट माणसांच्या चेहऱ्यांवर आणि बोलण्यावर उभे असतात. त्यांना स्वच्छ प्रक्षेपण आणि शब्दन्‌शब्द ऐकू येईल असा ध्वनी हवा, आणि तो चांगल्या निगा राखलेल्या साध्या पडद्यावर उत्तम मिळतो. ऐतिहासिक, गडकिल्ल्यांचे चित्रण असलेला चित्रपट असेल, तर साखळ्यांच्या रुंद पडद्याचा विचार करावा. इथेही स्कोपचा नियम लागू: पडदाच मुळात रुंद असेल, तर चित्र तो कडेपासून कडेपर्यंत भरते.

तिसरी पायरी: रांग निवडा, आणि त्यासाठी वीत वापरा

डोळ्याला पडदा किती फुटांचा आहे हे कळत नाही. तो आपल्या नजरेचा किती कोन व्यापतो एवढेच कळते. सिनेतंत्रज्ञांच्या संस्थेची जुनी शिफारस निदान ३० अंशांची आहे, तर चित्रपटगृहांना दर्जाचे प्रमाणपत्र देणाऱ्या टीएचएक्सचे मानक शेवटच्या रांगेतही निदान २६ अंश मागते आणि ३६ अंशांची शिफारस करते. आता माझ्या फसलेल्या खेळासारखाच एक काल्पनिक हिशेब मांडू. साधा पडदा ४० फूट रुंद, मी त्यापासून ४५ फुटांवर: कोन ४८ अंश. मोठा पडदा ६५ फूट रुंद, मी शेवटच्या रांगेत ९५ फुटांवर: कोन ३८ अंश. त्याच मोठ्या पडद्यासमोर मी ५५ फुटांवर येऊन बसले, तर कोन ६१ अंश. म्हणजे मोठ्या पडद्याचे शेवटच्या रांगेतले तिकीट हे साध्या पडद्याच्या मधल्या रांगेतल्या तिकिटाहून लहान चित्र देते, आणि दर मात्र दुप्पट घेते.

फूटपट्टी घेऊन चित्रपटगृहात कुणी जात नाही, पण वीत सर्वांजवळ असते. हात डोळ्यांसमोर सरळ ताठ धरून बोटे ताणली, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० ते २२ अंश भरतात. मूठ आवळली तर सुमारे १०. ज्याचा हात लांब त्याची वीतही मोठी, त्यामुळे उंच माणसाला आणि लहान मुलीला हे माप जवळपास सारखेच लागू पडते. पडदा दीड वितीहून कमी भरला तर आपण फार मागे आहोत. दोन ते अडीच विती कोणत्याही चित्रपटाला उत्तम. मोठ्या पडद्यासाठी जादा पैसे दिले असतील, तर तीन वितींच्या आसपास मिळायला हव्यात. तेवढ्या मिळत नसतील, तर ज्यासाठी आलो ते मिळाले नाही. तीनच्या बरेच पुढे गेले की डावीकडे बोलणारा आणि उजवीकडे ऐकणारा यांच्यात मान फिरवत बसावे लागते.

उंचीचाही विचार हवा. नजर सरळ ठेवल्यावर चित्राची वरची कड ३५ अंशांहून वर असू नये, अशी मर्यादा सांगितली जाते. आयमॅक्सचा पडदा उंच असल्यामुळे ही मर्यादा पुढच्या चार-पाच रांगांतच ओलांडली जाते आणि तीन तासांच्या चित्रपटात मान आखडते. साडेतीन मुठींहून वर पाहावे लागत असेल, तर दोन रांगा मागे यावे.

जवळ बसण्याला आणखी एक मर्यादा आहे ती चित्राच्या बारकाव्याची. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो, असे धरून हिशेब केला तर टूके चित्रातले ठिपके पडद्याच्या रुंदीच्या साधारण १.७ पटीहून जवळ बसल्यावर तत्त्वतः ओळखू येऊ लागतात. फोरकेमध्ये हेच अंतर निम्मे होते. प्रत्यक्षात हलत्या चित्रात ते इतके खुपत नाही. पण पांढऱ्या अक्षरांच्या कडा दातेरी दिसायला लागतात, हे मी पुढच्या रांगांत अनेकदा पाहिले आहे. मोठ्या पडद्यासमोर लेझर आणि फोरकेचा आग्रह का धरायचा, याचे कारण हे: तिथे जवळ बसणे हाच उद्देश असतो.

तिकीट काढताना मोबाइलवरच्या आसनांच्या नकाशात पडदा कोणत्या बाजूला दाखवला आहे हे आधी पाहावे, कारण ‘ए’ रांग काही ठिकाणी पडद्याजवळ असते, तर काही ठिकाणी सर्वांत मागे. मग रांगा मोजाव्यात. साध्या पडद्यासाठी मध्यापासून एखादी रांग पुढे, आयमॅक्ससाठी पडद्याकडून मोजल्यास दोन-तृतीयांश अंतरावर आणि दोन्ही वेळा मधल्या सहा-आठ आसनांत. ती मिळत नसतील, तर त्याच खेळाची टोकाची आसने घेण्याऐवजी दुसऱ्या दिवशीचा खेळ घ्यावा. आपल्या मनात अजून ‘बाल्कनी महाग, स्टॉल स्वस्त’ हा जुन्या चित्रपटगृहांचा हिशेब पक्का बसलेला आहे आणि मल्टिप्लेक्सवालेही मागच्या रांगा महाग ठेवून तो चालवतात. मोठ्या पडद्याच्या बाबतीत तो नेमका उलटा वाचावा. कित्येकदा सर्वोत्तम आसन मधल्या, स्वस्त गटातच सापडते.

चौथी पायरी: उजेड, चष्मा आणि आवाज

थ्रीडीबद्दल माझे मत सरळ आहे: पर्याय असेल तर टूडी घ्यावे. थ्रीडीच्या गाळण्या आणि चष्मा मिळून निम्म्याहून बराच अधिक प्रकाश खातात. टूडीसाठी उजेडाचे मानक १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचे एकक) आहे. थ्रीडीत अनेक ठिकाणी डोळ्यांपर्यंत त्याचा तिसरा हिस्सा पोचतो. डॉल्बी सिनेमा टूडीत ३१ पर्यंत जाते आणि थ्रीडीतही १४ राखते, म्हणून थ्रीडी पाहायचेच असेल तर तिथे किंवा लेझर आयमॅक्समध्ये. आधीच नंबरचा चष्मा असणाऱ्यांना दुहेरी चष्म्याचा जाच वेगळाच.

थ्रीडीसाठी बसवलेला चंदेरी पडदा टूडीलाही त्रास देतो. तो समोरून उजळ आणि कडेने अंधुक दिसतो, त्यामुळे अशा सभागृहात टोकाच्या आसनावर बसलेल्याला चित्राची पलीकडची बाजू धुरकट दिसते. झेनॉनचा दिवा जुना होईल तसा मंदावतो, हे दुखणे त्यात मिसळले की रात्रीच्या प्रसंगांत नायक कोणता आणि खलनायक कोणता हेही कळत नाही.

आवाजाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा. आयमॅक्समध्ये डॉल्बी अ‍ॅटमॉस नसतो. आयमॅक्सची स्वतःची ध्वनिव्यवस्था असते, लेझर सभागृहांत ती १२ वाहिन्यांची, आणि तिचा जोर छातीत धडधड जाणवेल असा. २०१२ मध्ये आलेल्या अ‍ॅटमॉसचे बळ वेगळे आहे: त्यात छतावरही ध्वनिवर्धक असतात आणि एखादा आवाज, पावसाची सर किंवा हेलिकॉप्टर, ठरावीक जागेवरून दुसऱ्या जागी नेता येतो. संगीतप्रधान चित्रपटासाठी मी अ‍ॅटमॉस असलेला साधा पडदाही पसंत करते. भिंतीला लागून असलेली आसने आणि मागच्या भिंतीखालची रांग इथेही टाळावी, नाही तर एकच ध्वनिवर्धक कानाशी अडीच तास बोलत राहतो. लहान मुलांना आयमॅक्सला नेताना पर्समध्ये कापूस ठेवावा, मी ठेवते.

पाचवी पायरी: आता दर पाहा

वरच्या चारही पायऱ्यांवर होकार आला, म्हणजे पडदा लेझरचा, चित्रपट उंच चौकटीचा, मधली रांग उपलब्ध आणि खेळ टूडीचा असेल, तर साडेपाचशे रुपये खुशाल द्यावेत. यांतली रांग चुकली तर बाकी तिन्हींचा उपयोग होत नाही, म्हणून रांगेवर तडजोड करू नये. चित्रपट स्कोप असेल, तर साखळीचा रुंद पडदा किंवा अ‍ॅटमॉसचे साधे सभागृह घ्यावे.

१०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५५० च्या तिकिटातले सुमारे ८४ रुपये कराचे. ऑनलाइन सोयीचे शुल्क दर तिकिटामागे वेगळे. सहा तिकिटे काढायची असतील आणि चित्रपटगृह वाटेवर असेल, तर खिडकीवर जाऊन काढणे परवडते. सोमवार ते गुरुवार आणि सकाळचे पहिले खेळ यांचे दर बहुतेक ठिकाणी उतरतात. सकाळच्या खेळाला मधली रांगही सहज मिळते.

वेळेचे गणित मात्र साध्या पडद्यासारखे नाही. मल्टिप्लेक्समध्ये आयमॅक्सचा पडदा सहसा एकच असतो आणि पुढचा मोठा चित्रपट आला की आधीचा तिथून उतरतो. ‘गर्दी ओसरली की जाऊ’ असे म्हणणाऱ्याला मग तो चित्रपट बाजूच्या छोट्या सभागृहात पाहावा लागतो. म्हणून निर्णय झाला असेल तर पहिल्या आठवड्यातलाच एखादा कामाचा दिवस गाठावा.

सर्वांनी एकत्रच गेले पाहिजे, असेही नाही. आमच्याकडे आता अशी वाटणी झाली आहे: उंच चौकटीचा चित्रपट असला की मी आणि मुलगा मधल्या रांगेत आयमॅक्स पाहतो, सासरे त्याच वेळच्या साध्या खेळाला रिक्लायनर घेतात, आणि मध्यंतरात सगळे समोश्यांच्या रांगेत भेटतो.

सहावी पायरी: प्रमाणपत्राच्या दहा सेकंदांत तपासा

आपल्याकडे प्रत्येक चित्रपटाआधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र पडद्यावर येते. ते हलत नाही, त्यावर बारीक छापील अक्षरे असतात आणि चारही बाजूंना कड असते. तपासणीसाठी यापेक्षा सोयीची गोष्ट नाही. चित्रपटाचे नाव वाचून झाले की नजर खालच्या बारीक मजकुराकडे न्यावी: मधली अक्षरे ठसठशीत आणि कोपऱ्यातली पुसट असतील, तर भिंगाचा फोकस बिघडलेला आहे. मग कड पाहावी. एका बाजूची कड पडद्याबाहेर, काळ्या कापडावर गेली असेल, तर पूर्ण चित्रपटभर तेवढे चित्र कापले जाणार. शेवटी कागदाचा उजळपणा पाहावा; मधोमध पांढरा आणि कडांना राखाडी दिसला, तर पडदा चंदेरी असण्याची शक्यता आहे; संपूर्ण कागदच मंद दिसला, तर टूडीच्या खेळाला थ्रीडीची गाळणी काढायची राहून गेलेली असू शकते. ही शेवटची चूक मी एका महागड्या सभागृहात स्वतः अनुभवली. संपूर्ण पडदा संध्याकाळ झाल्यासारखा दिसत होता आणि आजूबाजूचे तीनशे लोक निमूट बसले होते.

अशा वेळी दाराशी उभ्या असलेल्या मुलाला सांगून उपयोग होत नाही. त्याच्या हातात काही नसते. सरळ बाहेर जाऊन ड्यूटी मॅनेजरला गाठावे आणि ‘चित्र खराब आहे’ असे मोघम न सांगता नेमके सांगावे: उजव्या कडेला फोकस नाही, खालची कड कापली जाते आहे, किंवा टूडीच्या खेळाला थ्रीडीची गाळणी राहिली आहे. नेमके बोलणाऱ्याचे काम लवकर होते. त्या दिवशी गाळणी निघायला चार मिनिटे लागली. हे पहिल्या दहा मिनिटांत करावे, कारण मध्यंतरानंतर कुणी खेळ थांबवत नाही आणि पैसेही परत देत नाही. माझी शेजारीण बाई मात्र, उजेड वाढल्यावर, ‘आता डोळ्यांवर येतंय हो’ म्हणाली.